गाण्याला गाव लागतं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





मी कीर्तनकार नाही, प्रवचनकारही नाही. मिरजेच्या शाळेत ३३ वर्षं पोरांना 'सा' लावायला शिकवला, एवढीच माझी कमाई. तुमच्या दिंडीशी माझं नातं वीणेचं. आषाढीच्या आधी ही वीणा मिरजेला येते. मी ती कारागिराकडे नेतो, तारा बदलून, जवारी बघून परत आणून देतो. चालक अण्णा म्हणाले, "मास्तर, या वर्षी वीणा नुसती पाठवू नका, तुम्हीच घेऊन या आणि चार शब्द बोला." विषय विचारला तर म्हणाले, "गावातलं गाणंबजावणं कसं टिकवायचं, त्यावर बोला." आता हे मला माहीत असतं तर आमच्याच मिरजेत ते उतरणीला लागलं नसतं. पण जे बघितलं ते सांगतो.

आधी वीणेपासूनच सुरुवात करू. तुम्ही हिला गळ्यात घेता, तेव्हा खाली हाताला लागतो तो भोपळा. तो कुठला? मिरजेचा नाही. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमाकाठचा. म्हणजे तुम्ही वीणा घेऊन पंढरीला जाता, तसा हा भोपळा एकदा तिकडून मिरजेला आलेला असतो. वारी त्याचीही झालेली असते, फक्त उलट्या दिशेनं. खायच्या भोपळ्यासारखा हा नाही, हा कडू असतो. वेलावरच मोठा होऊ द्यायचा, खालची बाजू सपाट होऊ नये म्हणून मातीवर नीट बसवायचा, पार वाळेपर्यंत राखायचा. मध्येच अवकाळी पाऊस झाला की डाग पडतात, कुजतो. उजनीचं पाणी आल्यापासून त्या भागात ऊस वाढला. उसाचं बिल कारखाना देतो. भोपळ्याला वावर कोण ठेवणार, आणि का ठेवावं? तरी काही शेतकरी लावतात. दर वर्षी कारागीर तिकडं जातात, एकेक भोपळा वाजवून बघून, आकार पारखून उचलतात.

मिरजेत आणल्यावर तो भिजत घालायचा, कापायचा, आतलं बी आणि गर काढून पुन्हा सुकवायचा. मग त्याला तुनाच्या लाकडाची दांडी, पुढं तबली, खुंट्या, घोडी, मणी. वरून लाखेचं पॉलिश, तेही हातानं, थरावर थर. आणि सगळ्यात शेवटी जवारी. घोडीचा माथा घासून घासून तारेला असा बसवायचा की तार नुसती वाजत नाही, गुंजते. हे मापानं जमत नाही, कानानंच जमतं. मी कितीदा बघितलंय, कारागीर एकदा कानस फिरवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा फिरवतो. अर्धा दिवस जातो यात. आपण शेजारी बसलो तर चहा देतो, पण बोलत नाही.

ही कारागिरी करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात संस्थानं राहिली पण लढाया संपल्या, शस्त्रांचं काम कमी झालं. तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं तंतुवाद्यं करायला घेतली. पुढं आडनावच सितारमेकर पडलं. ज्यांचे पूर्वज तलवार घासत होते ते आज तुमच्या वीणेची जवारी घासतात. मुसलमान घरात वीणा तयार होते आणि विठ्ठलाच्या दारात वाजते. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही, आणि वाटूही नये.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे 'मिरजेची सतार' हे नाव आता दुसरीकडच्या मालाला लावता येत नाही. आम्हाला आनंद झाला, पेढे वाटले. पण दुसऱ्या दिवशी मी गल्लीत गेलो तर एक कारागीर म्हणाला, "मास्तर, नाव आपलं झालं. आता पोरगं आपलं राहतंय का बघायचं." त्याचा मुलगा औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. मी कुठल्या तोंडानं त्याला सांगू, की बाबा, तू जवारी घास?

आता मिरजेचं नाव निघालं की लोक मोठी नावं घेतात, आणि घ्यावीतच. विष्णु दिगंबर पलुस्कर मूळ कुरुंदवाडचे, जन्म १८७२ चा. वडील कीर्तनकार होते, हे तुम्हाला ऐकून बरं वाटेल. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, उपचाराला मिरजेत आणलं. शिक्षण थांबलं, तेव्हा गाण्याकडं वळवलं. गुरू मिळाले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. मिरजेच्या राजांनी पोराची सोय लावली. आता त्यांच्या चरित्रात एक हकीकत सांगतात ती ऐका. मिरजेत एक जाहीर कार्यक्रम होता. त्याचं निमंत्रण तरुण विष्णूला आलं, पण बाळकृष्णबुवांना आलं नाही. विष्णूनं विचारलं, असं का? तर उत्तर मिळालं, की ते तर गवई आहेत. म्हणजे राजाच्या आश्रयातल्या पोराला मान, आणि ज्यानं त्या पोराला घडवलं त्याला नाही, कारण तो गातो! ते त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं, की गवयाला समाजात मान मिळवून देण्यासाठीच त्यांनी मिरज सोडली, असं म्हणतात. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही राजाच्या भरवशावर नाही, लोकांच्या पैशावर. पुढं मुंबईला मोठी इमारत उभी केली. ती कर्जापायी हातची गेली. १९३१ साली ते मिरजेतच वारले.

म्हणजे बघा, ज्यानं गाणं लोकांपर्यंत नेलं त्याची इमारत लोकांना वाचवता आली नाही.

दुसरं नाव अब्दुल करीम खाँसाहेबांचं. उत्तरेकडून आलेला माणूस मिरजेचा झाला. १९३७ मध्ये ते वारले ते दूर मद्रासकडे, एका रेल्वे स्टेशनवर. पण पुरलं मिरजेत आणून, मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर मिरजेतच जन्मली. दर वर्षी उरुसात खाँसाहेबांच्या आठवणीत संगीत सभा होते. मोठमोठे कलावंत येतात आणि हजेरी म्हणून गातात. बिदागीसाठी नाही. रात्र रात्र गाणं चालतं, ऐकायला शेतकरी येतो, हमाल येतो, डॉक्टर येतो, सगळे एकाच सतरंजीवर.

इथं मला एक कडू गोष्ट बोलायची आहे, माफ करा. दर्ग्यात कलावंत फुकट गातो, कारण तो त्याचा नवस आहे, त्याचा भाव आहे. पण हे बघून बाकीच्यांनी भलताच धडा घेतला. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाला गायला बोलावतात आणि म्हणतात, "तुमचं काय, सेवाच असते ना?" मांडववाल्याला पैसे, लाऊडस्पीकरवाल्याला पैसे, आचाऱ्याला आगाऊ पैसे. आणि तबला वाजवणाऱ्या पोराला शाल, नारळ आणि एक टाळी. अहो, सेवा कुठं करायची हे सेवा करणारा ठरवतो. आपण दुसऱ्याची सेवा परस्पर ठरवू शकत नाही. आपल्या सप्ताहांतसुद्धा बाहेरच्या नामांकित कीर्तनकारांची बिदागी दर वर्षी चढतेय आणि सात दिवस पखवाज बडवणाऱ्या गावच्या पोराच्या हातात शेवटी काय पडतं, ते ज्याचं त्यानं आठवून बघावं. मी कुणाचं नाव घेत नाही.

आता माझीच एक चूक सांगतो. तरुणपणी नोकरी लागायच्या आधी मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. बँडचे मालक होते, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. शाळा सुटलेली पोरं त्यांच्याकडे यायची. तात्या आधी ताल तोंडानं म्हणायला लावायचे, मग सरगम, मग बाजा हातात. त्या बँडमधून पुढं कोण ऑर्केस्ट्रात गेला, कोण नाटकाच्या साथीला, मी मास्तर झालो. जत्रेत रात्री ऑर्केस्ट्रा असायचा, दहा-अकरा माणसं स्टेजवर. ॲकॉर्डियन, बोंगो, गिटार, दोन गायक, एक निवेदक. कुणी त्याला हलकं म्हणो, पण त्यात अकरा घरांची चूल पेटायची. आता एक माणूस कीबोर्ड घेऊन येतो, त्यात पेन ड्राइव्ह लावतो आणि अकरा जणांचं काम एका डबीतून निघतं. त्यालाही मी दोष देत नाही. त्यालाही पोट आहे.

तर माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तात्या घरी आले, म्हणाले, "मास्तर, किती माणसं आणू?" घरातली पोरं हटून बसली, डीजे पाहिजे. मीही म्हटलं, जाऊ दे, पोरांचा दिवस आहे. तात्यांना काय सांगितलं आता आठवत नाही, काहीतरी गुळमुळीत बोललो. लग्नाला तात्या आले. धुतलेला शर्ट घालून मागच्या रांगेत बसले, आहेर केला, जेवले आणि डीजे सुरू व्हायच्या आत निघून गेले. एका शब्दानं बोलले नाहीत. दोन वर्षांनी त्यांनी बाजे विकले. आमचं युफोनियम मी भंगारवाल्याच्या दुकानात बाहेर लटकलेलं बघितलं. बँड माझ्या एकट्यामुळं बुडाला असं नाही. पण तो ज्यांच्यामुळं बुडाला त्यांत मी होतो.

तुम्ही म्हणाल, लग्नाच्या बँडचा आणि आमच्या भजनाचा संबंध काय? संबंध कातड्याचा आहे, माऊली. बँडचे ढोल आणि ड्रम, तमाशातली ढोलकी, शाळेतला तबला आणि दिंडीचा पखवाज, या सगळ्यांना कातडं चढवणारा माणूस तोच. पखवाजाच्या एका बाजूला शाई असते, दुसऱ्या बाजूला तुम्ही कणीक लावता. कणीक तुम्ही लावाल. पण शाई कोण घोटणार? पुडी कोण चढवणार? वादी कोण ओढणार? वर्षात एकदा येणाऱ्या दिंडीच्या कामावर त्याचं दुकान चालत नाही. ते लग्नसराईवर चालतं, गणपतीवर चालतं, शाळेच्या वाद्यांवर चालतं. तिकडची कामं तुटली की दुकान बंद. मग आषाढीच्या तोंडावर पुडी फाटली की तुम्ही फिरत बसता. तंबोऱ्याचंही तसंच. बहुतेक गाणारे आता मोबाइलमधला तंबोरा लावतात, मीही प्रवासात लावतो. पण सतार-तंबोरा कुणी घेईनासं झालं, तर नुसत्या तुमच्या वीणेसाठी कोण गल्लीत बसून राहील?

गाण्याचं हे असं आहे. वर एकच माणूस दिसतो, खाली दहा जण असतात. खालचे उठून गेले तरी वरचा काही दिवस गातो. म्हणून आपल्याला लवकर कळत नाही.

आमचं मिरजेत एक लहान मंडळ आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक. कधी शास्त्रीय, कधी नाट्यगीतं, कधी भजन. एकदा दोन पोरं गिटार आणि कहोन, म्हणजे ते बसून वाजवायचं लाकडी खोकं, घेऊन स्वतः रचलेली मराठी गाणी म्हणून गेली. म्हातारी मंडळी आधी कुरकुरली, मग पोह्यांच्या वेळी त्यांनाच घेरून बसली. नियम दोनच. गाणारा-वाजवणारा शक्यतो आसपासचा, आणि बिदागी बैठक संपल्यावर लगेच, पाकिटात, साथीदाराला वेगळी. वर्गणी माणशी ५० रुपये. एके काळी ४१ जण होतो, म्हणजे महिन्याला २,०५० रुपये. त्यात काय होतं असं वाटेल. पण तबल्याच्या त्या पोराला माहीत असायचं, की वर्षातून दोनदा इथं बोलावणं येणार, चांगलं वाजवलं पाहिजे, माणसं ऐकणारी आहेत. म्हणून तो रियाज करायचा.

२०२० साली सगळं बंद पडलं. त्या साली पालख्यासुद्धा एसटीनं गेल्या, तुम्हाला आठवत असेल. लग्नं नाहीत, जत्रा नाहीत, वाजवणाऱ्यांच्या घरी काही नाही. आमच्या मंडळात विषय निघाला, की ठरलेल्या बैठकांची बिदागी द्यायची का? एक जण म्हणाले, वाजवलंच नाही तर पैसे कशाचे? तेव्हा आमच्यातल्या एक म्हाताऱ्या बाई, निवृत्त नर्स, फोनवर म्हणाल्या, "त्यांनी नाही म्हटलेलं नाही. आपण बोलावलं नाही." त्यावर कुणी काही बोललं नाही. पाकिटं घरपोच गेली.

आज आम्ही १७ जण उरलोय. काही वारले, काही मुलांकडे पुण्याला गेले. पुढच्या महिन्यात बसून ठरवायचं आहे, चालू ठेवायचं की थांबायचं. मी काय मत देणार ते अजून माझं मलाच माहीत नाही.

काल रात्री अण्णांनी मला तुमच्या दिंडीच्या जुन्या वह्या दाखवल्या. पानं पिवळी पडलीत, शाई उडालीय. मी दोन तास वाचत होतो. कुणी किती भिशी भरली, कोणत्या गावात कुणाच्या घरी पंगत, बैलाच्या चाऱ्याला किती. आणि जवळजवळ दर वर्षी एक ओळ, कधी मृदंगाची पुडी, कधी वीणेच्या तारा, कधी टाळांच्या दोऱ्या. एखाद्या साली दुष्काळ असावा, कारण भिशी निम्म्यानं कमी भरलेली, पंगती कमी. पण पुडीची ओळ त्याही साली आहे. कुणी मोठा देणगीदार मला त्या वह्यांत सापडला नाही. दोन आणे, चार आणे, शेर-पायली जोंधळे. शंभर वर्षं यावर चाललीत. आमच्या मंडळात आम्ही बसून मोठा प्रायोजक शोधतोय आणि तुम्ही पायलीवर शंभरी गाठलीत.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा संपला की पुढचा माणूस येतो, पायावर डोकं ठेवतो आणि वीणा गळ्यात घेतो. रात्री दोनच्या पहाऱ्याला ऐकायला कुणी नसतं, समईसुद्धा पेंगत असते. तरी उभा राहणारा उभा राहतो, कारण पुढचा येणार हे त्याला माहीत असतं. तो आलाच नाही, तर पहिल्यानं किती वेळ उभं राहायचं? मिरजेतले कारागीर, वाजवणारे आज त्या पहिल्याच्या जागी उभे आहेत, आणि दाराकडं बघतायत.

अण्णांनी 'काही सांगा' म्हटलंय म्हणून सांगतो, मनाला लावून घेऊ नका. वीणा आषाढीच्या आधी आठ दिवस पाठवू नका. सगळ्या दिंड्या तेव्हाच पाठवतात आणि उरलेलं वर्ष कारागीर रिकामा बसतो. माघातच पाठवा, तेव्हा भोपळे उतरायचाही हंगाम असतो. गावात पोरं नवी वाद्यं घेणार असतील तर कारागिराकडं जाऊन, त्याच्यासमोर वाजवून घ्या. घासाघीस करा, करू नका असं नाही, पण उधारी ठेवू नका. सप्ताहात गावच्या पखवाजवाल्या पोराची बिदागी कीर्तनाच्या आधी ठरवा, कीर्तन झाल्यावर नाही. आणि घरात लग्न निघालं की आसपास एखादा बँड अजून जिवंत आहे का, तेवढं एकदा विचारा. वाजायला दहाला थांबावं लागतं, ते डीजेलाही लागू आहेच.

फार बोललो. बाहेर टाळ वाजायला लागलेत, म्हणजे मंडळींचा धीर संपला. बुवा, वीणा जरा इकडं द्या. मघाशी हरिपाठाला दुसरी तार उतरलेली वाटली. नवी तार आहे, पहिले चार दिवस उतरतेच. एवढी लावून देतो, मग तुम्ही घ्या.